रणभूमीचा चितारी : पॉल नॅश

युद्धाचे चित्र म्हटले की उधळलेले घोडे, फडकणारी निशाणे व विजयी सेनापती डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्या चित्रकाराचे चरित्र आम्ही येथे देत आहो, त्याच्या चित्रांत ह्यांपैकी काहीच आढळत नाही. आणि तरीही तो खुद्द ब्रिटिश सरकारने नेमलेला चित्रकार होता.

पॉल नॅश १८८९ साली लंडन येथे एका वकिलाच्या घरी जन्मला. आरमाराच्या प्रवेशपरीक्षेत तो नापास झाला. गणिताशी त्याचे कधी जमलेच नाही. (मुलाचे प्रगतिपुस्तक पाहून हताश होणाऱ्या पालकांनी पुढील हकीकत अवश्य वाचावी.) नंतर स्लेड कलाशाळेत त्याने काही काळ घालविला, परंतु मनुष्याकृतींपेक्षा वृक्षांतच त्याचे चित्त अधिक रमे.

महायुद्ध पेटताच १९१४ साली तो सैन्यात दाखल झाला, व १९१७ च्या आरंभी बेल्जममधील ईप्र येथील आघाडीवर गेला. मे महिन्यात एका रात्री तो अंधारात खंदकात पडला आणि बरगडी मोडल्यामुळे त्यास मायदेशी धाडण्यात आले. थोड्याच दिवसांत त्याच्या पलटणीने शत्रूवर हल्ला केला व त्याचे अनेक सोबती कामास आले. एका क्षुल्लक अपघाताने तो वाचला होता!

त्याच वर्षी नोव्हेंबरात तो सरकारी चित्रकार म्हणून त्याच भूमीवर परतला. पाऊस, चिखल व तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे ह्यांवाचून तेथे काही उरले नव्हते. आपण आता केवळ कलावंत राहिलो नसून, लढणाऱ्यांचा निरोप युद्ध लांबवू पाहणाऱ्यांपर्यंत नेणारे जासूद आहो, अशा आशयाचे पत्र त्याने पत्नीस लिहिले. १९१८ च्या त्याच्या एका चित्रात तांबूस ढगांआडून सूर्य उगवत आहे, आणि खाली नुसते जळके बुंधे व उखणलेली माती. मनुष्य एकही नाही. चित्राचे नाव मात्र ‘आम्ही नवे जग घडवीत आहो’! युद्ध चालू असतानाच सरकारने त्याची चित्रे प्रदर्शनात मांडू दिली, हेही नमूद करणे न्याय्य होय.

१९४० साली दुसऱ्या महायुद्धात त्यास विमानखात्याकडे नेमण्यात आले. खात्यास वैमानिकांच्या तसबिरी हव्या होत्या, नॅशला मोडकी विमाने दिसत होती. वर्षअखेर ती नेमणूक संपली. तथापि दुसऱ्या एका सरकारी समितीने त्याची चित्रे घेण्याचे चालू ठेविले. दम्याने जर्जर झालेल्या नॅशने ऑक्सफर्डनजीक काउली येथे पाडलेल्या जर्मन विमानांचा ढीग पाहिला होता. त्यावरून त्याने ‘मृत सागर’ रंगविला: चांदण्यात गोठलेल्या लाटांप्रमाणे पसरलेले तुटके पंख, व त्यांवरून उडणारे एकच घुबड.

युद्ध संपल्यावर वर्षभरातच, जुलै १९४६ मध्ये, तो निवर्तला.