उमाजी नाईक : रखवालदार ते बंडखोर

प्रास्ताविक

समाजाने बाहेर काढलेला योद्धा हा नायक कथा-कादंबऱ्यांतून आपल्याला वारंवार भेटतो. प्रस्तुत घटकात आपण असा एक प्रत्यक्ष होऊन गेलेला पुरुष अभ्यासणार आहोत. उमाजी नाईक खोमणे यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवा : रक्षण करणाऱ्या माणसाला दरोडेखोर कोण ठरवितो?

पार्श्वभूमी

उमाजींचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ रोजी पुरंदर तालुक्यातील भिवडी येथे रामोशी समाजात झाला. वडील दादोजी, आई लक्ष्मीबाई. गड व गावे राखणे हे या समाजाचे परंपरागत काम होते. गावात चोरी झाली, तर रामोशाने चोराचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत गेल्यास तो तेथील रामोशाच्या स्वाधीन करावयाचा. माग लागलाच नाही, तर नुकसानीची जबाबदारी अंगावर घ्यावयाची. या सेवेच्या मोबदल्यात त्याला जमीन व हक्क मिळत.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुरंदरच्या रामोशांचे हक्क डळमळू लागले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारने नवी व्यवस्था आणली. त्यामुळे गडांवरील रखवालीचे काम गेले, कामाबरोबर उत्पन्न गेले आणि उत्पन्नाबरोबर प्रतिष्ठाही गेली. ज्यांनी चोर शोधावयाचे, त्यांच्याकडेच आता चोर म्हणून पाहिले जाऊ लागले. उमाजींच्या बंडाचे मूळ येथे आहे, हे लक्षात घ्या.

बंडाची वाटचाल

उमाजींना तुरुंगवास घडला. तेथेच ते लिहिण्या-वाचण्यास शिकले, ही गोष्ट आपल्यासारख्या प्रौढ वयात शिकणाऱ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. १८२६-२७ च्या सुमारास त्यांच्या बंडाने जोर धरला. त्यांना पकडून देणाऱ्यास सरकारने बक्षिसे जाहीर केली. बळाने काम होईना, तेव्हा माफी देऊन पुरंदर भागातील बंदोबस्ताचे काम त्यांच्याकडेच सोपविण्यात आले. जे काम काढून घेतल्याने बंड पेटले, तेच काम परत देऊन ते शमविण्याचा हा प्रयत्न होता. परंतु हा समेट टिकला नाही. १८३१ मध्ये उमाजींनी जाहीरनामा काढून कंपनीची नोकरी सोडण्याचे व तिला महसूल न देण्याचे आवाहन केले. आता मागणी केवळ रामोशांच्या हक्कांपुरती राहिली नव्हती.

भोर परिसर आणि अखेर

नकाशावर पुरंदरच्या पश्चिमेस भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके पाहा. नीरेचे खोरे, राजगड व तोरणा यांच्याभोवतीच्या डोंगररांगा आणि दाट रान यांमुळे हा मुलूख पाठलाग करणाऱ्या फौजेस अवघड होता. शिवाय भोर हे पंतसचिवांचे संस्थान, दक्षिणेस साताऱ्याचे राज्य आणि पूर्वेस कंपनीचा अंमल. हद्दी अशा एकमेकींना लागून होत्या. मात्र जो मुलूख शत्रूला अवघड होता, तो ओळखीच्या माणसांना अवघड नव्हता. जुने सहकारी फितूर झाले आणि १५ डिसेंबर १८३१ रोजी भोरजवळच्या उत्रोळी येथे उमाजी पकडले गेले. पुण्यात खटला चालून ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

चरित्राची साधने

उमाजींविषयीची बरीच माहिती कॅप्टन मॅकिन्टॉश यांच्या १८३३ मधील ग्रंथातून मिळते. हा अधिकारी त्यांच्याविरुद्धच्या मोहिमेत होता. म्हणजे ज्याने पाठलाग केला, त्यानेच चरित्र लिहिले. अशा साधनातील घटना स्वीकारताना विशेषणे मात्र पारखून घ्यावी लागतात. रामोशी समाज आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. एकेकाळी कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या आणि १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून मुक्त झालेल्या जमातींना हे नाव मिळाले. विशेषण माणसामागून पिढ्यान्‌पिढ्या कसे चालत राहते, हे यावरून दिसते.

सारांश

उमाजी समाजाबाहेर जन्मले नव्हते. व्यवस्था बदलली आणि ते बाहेर फेकले गेले. आज त्यांना आद्यक्रांतिवीर म्हणून गौरविले जाते. दरोडेखोर व क्रांतिवीर या दोन्ही शब्दांमागे, गावची शीव राखणारा रखवालदार मात्र आपण विसरता कामा नये.

स्वाध्याय

१. रखवालीचे हक्क जाणे आणि बंड होणे यांतील संबंध स्पष्ट करा.
२. विरोधकाने लिहिलेले चरित्र वाचताना कोणती दक्षता घ्याल?
३. आपल्या गावातील जुन्या रखवालीच्या पद्धतीविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून टिपण लिहा.