अंगणवाडीच्या जनक ताराबाई मोडक

मोहल्ल्यातील अंगणवाडी आपण रोज पाहता. पण ही कल्पना कोणाची, हे आपणास ठाऊक आहे काय? ती पद्मभूषण ताराबाई मोडक यांची.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत केळकर घराण्यात झाला. मुलींचे शिक्षण दुर्मिळ होते, त्या काळात १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या, परंतु संसार टिकला नाही. खचून न जाता त्या राजकोट येथे स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. मान होता, पगार होता. तरी ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ साली उभयतांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला.

शहरात बालशिक्षण रुजले. पण गरिबांच्या मुलांचे काय? या विचाराने १९४५ साली त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या खेड्यात गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. मागास वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! महागडी साधने नव्हती. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. मुलांना न्हाऊ घालणे, नखे काढणे हासुद्धा शिक्षणाचाच भाग ठरला. पुढे १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरू लागली.

१९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. सत्तेच्या दारात पोहोचूनही त्यांनी बालवाडीच्या अंगणाशी नाते तोडले नाही. १९६२ साली पद्मभूषण मिळाले आणि १९७३ साली त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

पालकहो, हा विचार आपणास परका नाही. चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या बालकाची बिस्मिल्लाह करण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. मग मिठाई वाटल्यानंतर ते बालक सहा वर्षांचे होईपर्यंत गल्लीत का फिरावे? २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपन व शिक्षणाची जबाबदारी शासनाच्या धोरणात आली, परंतु मूलभूत हक्क मिळाला तो सहा ते चौदा वयाला. लहानग्यांची बाजू म्हणूनच आपण मांडायला हवी.

निवडणूक आली की उमेदवार हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या मोहल्ल्यांत येतात. आपण रस्ता मागतो, नाली मागतो, शादीखाना मागतो. ते जरूर मागावे. पण अंगणवाडीला पक्की खोली, पिण्याचे पाणी आणि मुलांची बोली जाणणारी सेविकाही मागावी. तीन वर्षांच्या मुलाला मत नसते, आपणास आहे.

विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी एखादी जरी ताराबाईंच्या वाटेने गेली, तरी आपल्या संस्थेचे सार्थक होईल.