तळ्याच्या पाण्यात एका कापड दुकानदाराने जे पाहिलं, त्याचा आजाराशी संबंध कळायला ३०० वर्षं लागली

काही मुलांची सर्दी जन्मापासून जातच नाही. नाक सतत वाहतं, कान फुटतात, थोड्या थोड्या दिवसांनी छातीत कफ भरतो. एक्स-रे काढला तर कधीकधी हृदय डावीकडे नसून उजवीकडे असल्याचं दिसतं. मोठं झाल्यावर यातल्या बऱ्याच पुरुषांना मूल होत नाही.

सर्दी, उजवीकडचं हृदय आणि मूल न होणं. या तीन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध?

तर संबंध आहे. पण तो समजून घ्यायचा तर साडेतीनशे वर्षं मागे, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात जावं लागतं. तिथे एक कापड दुकानदार राहत होता. त्याचं नाव आंतोनी व्हॅन लेव्हेनहूक.

कापडाचे धागे मोजणारा माणूस

लेव्हेनहूकचा जन्म १६३२ सालचा. वडील टोपल्या विणायचे. कॉलेज, विद्यापीठ असलं काही त्याच्या नशिबात नव्हतं. तेव्हाच्या विद्वानांची भाषा लॅटिन, आणि याला येत होती फक्त डच. पोरवयातच तो अॅमस्टरडॅमला कापडाचा धंदा शिकायला गेला. १६५४ मध्ये परत येऊन लग्न केलं आणि डेल्फ्टमध्ये स्वतःचं दुकान टाकलं. पुढे नगर प्रशासनात एक छोटी नोकरीही मिळाली.

घरात मात्र दुःख पाठ सोडत नव्हतं. पाच मुलं झाली, त्यातली मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये बायकोही गेली.

कापडाचा पोत तपासायला त्या काळचे व्यापारी भिंग वापरायचे. लेव्हेनहूकला त्या भिंगाचं वेडच लागलं. तो स्वतः भिंगं बनवायला लागला. मोहरीच्या दाण्यासारखं बारीक भिंग धातूच्या दोन पत्र्यांमध्ये बसवायचं, समोर टोकावर वस्तू लावायची आणि डोळ्याला अगदी चिकटवून बघायचं. दिसायला हे यंत्र तळहाताएवढंही नव्हतं, पण त्याच्या आजही शिल्लक असलेल्या भिंगांपैकी एक भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं. आयुष्यभरात त्याने अशी ५०० हून जास्त भिंगं बनवली. सगळ्यात चांगली भिंगं कशी बनवतो, हे मात्र कुणालाच सांगितलं नाही.

पाण्यातले जीव आणि त्यांचे पाय

१६७४ मध्ये त्याने डेल्फ्टजवळच्या एका तळ्याचं पाणी भिंगाखाली धरलं. त्यात जिवंत जीव पळत होते! पुढे त्याने पावसाचं पाणी पाहिलं, विहिरीचं पाहिलं. मिरी तिखट का लागते हे शोधायला मिरी भिजवलेलं पाणीही पाहिलं. सगळीकडे तीच गर्दी.

१६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक लांबलचक पत्र पाठवलं. त्यात यातल्या काही जीवांच्या अंगावर अतिशय बारीक पाय असल्याचं आणि ते भराभर हलत असल्याचं लिहिलं होतं.

हे पाय म्हणजेच सिलिया. पेशीच्या बाहेर आलेले, केसाहून कितीतरी बारीक धागे. माणसाने सिलियाचं केलेलं हे सगळ्यात जुन्या वर्णनांपैकी एक.

लंडनच्या विद्वानांना ते पटेना. एक कापडवाला म्हणतो, पाण्याच्या थेंबात हजारो प्राणी आहेत. मग त्याने डेल्फ्टमधल्या धर्मगुरूंसह प्रतिष्ठित लोकांना भिंगातून दाखवलं आणि त्यांच्या लेखी साक्षी पाठवल्या. शेवटी नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्वतः प्रयोग केला आणि सोसायटीच्या लोकांना ते जीव दाखवले. कापडवाला खरं बोलत होता. १६८० मध्ये सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं.

तेच यंत्र, दुसरी जागा

त्याच १६७७ मध्ये वैद्यकीचा एक विद्यार्थी त्याच्याकडे एका रुग्णाचं वीर्य घेऊन आला. त्यात शेपटीचे जीव वळवळत होते. लेव्हेनहूकने मग निरोगी माणसाचं, म्हणजे स्वतःचंच वीर्य तपासलं. त्यातही तेच. विषय नाजूक, म्हणून छापायचं की नाही हा निर्णय त्याने सोसायटीवर सोडला.

खरी गंमत इथे आहे. पाण्यातल्या जीवांचे पाय आणि शुक्राणूची शेपूट या दोन्ही गोष्टी लेव्हेनहूकने पाहिल्या. आतून त्या दोन्हींची रचना एकच आहे, हे कळणं त्याला शक्यच नव्हतं. ते कळलं १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर. दोन्हीकडे कडेने नळ्यांच्या ९ जोड्या, मध्ये २ नळ्या आणि त्यांना हलवणारी डायनिन नावाची प्रथिनं. डायनिन ही जणू या यंत्राची मोटर.

आपल्या श्वासनलिकेतही असेच सिलिया असतात. ते झाडूसारखे हलून कफ आणि धूळ वर ढकलत राहतात.

१९७६ मध्ये, म्हणजे त्या पत्राला बरोबर ३०० वर्षं झाली तेव्हा, स्वीडनचे ब्योर्न अफझेलियस यांनी कोडं सोडवलं. मूल न होणाऱ्या काही पुरुषांच्या शुक्राणूंमध्ये डायनिनच नव्हतं, आणि त्यांच्या श्वासनलिकेतले सिलियाही बंद होते. म्हणून कफ साचत होता, म्हणून शुक्राणू पोहत नव्हते. हृदयाचं काय? गर्भात हृदय कुठल्या बाजूला जाणार हे ठरवण्यातही फिरणाऱ्या सिलियाचा हात असतो. ते बंद पडले तर बाजू नशिबावर ठरते. म्हणूनच अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचे अवयव उलट्या बाजूला असतात.

जनुक सापडलं शेवाळामुळे

पण बिघाड नेमक्या कुठल्या जनुकात आहे? याचं उत्तर पुन्हा पाण्यातल्या जीवांनीच दिलं. क्लॅमिडोमोनास हे दोन शेपट्यांचं एकपेशीय हिरवं शेवाळ. त्याची शेपूट कुठल्या जनुकामुळे लुळी पडते, हे माहीत होतं. १९९९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माणसात त्याच्याशी जुळणारं जनुक शोधलं, आणि एका रुग्णात नेमकं तेच बिघडलेलं निघालं. २००० मध्ये अशीच दुसरी जोडी जुळली. शेवाळाची शेपूट बांधणारं एक जनुक उंदरात बिघडलं, की मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात.

शेवाळ आणि माणूस यांच्यात एकच जनुक कसं? कारण सिलिया एकदाच तयार झाले. प्राणी, वनस्पती, शेवाळ, बुरशी या सगळ्यांचा जो दीडशे कोटी वर्षांहून जुना एकपेशीय पूर्वज, त्याच्याकडे ते आधीच होते. ज्यांना गरज उरली नाही, त्यांनी ते सोडले. आंबा, ज्वारी, गुलाब अशा फुलझाडांत सिलिया नाहीत, आणि ते बनवणारी बरीच जनुकंही नाहीत.

याचाच फायदा २००४ मध्ये घेतला गेला. माणूस आणि शेवाळ दोघांत आहेत, पण मोहरीच्या कुळातल्या एका रोपात नाहीत, अशी सुमारे ७०० जनुकं निवडली गेली. त्यात बार्डेट-बीडल सिंड्रोमचं एक नवीन जनुक सापडलं. या आजारात मुलांची नजर जाते, वजन वाढतं, जादा बोटं येतात, मूत्रपिंड खराब होतं.

लेव्हेनहूक २६ ऑगस्ट १७२३ रोजी वारला, तेव्हा तो ९० वर्षांचा होता. शेवटच्या दिवसांत त्याच्या छाती-पोटामधला पडदा फडफडायचा. अंथरुणात पडूनही तो त्या दुखण्याची नोंद लंडनला कळवत होता. त्या दुर्मीळ आजाराला आज त्याचंच नाव आहे.

तळ्यातल्या जीवांचे पाय मोजून कुणाचं भलं होणार, असं त्या काळी कुणालाही वाटलं असतं. आज जन्मापासून सर्दी असलेल्या मुलाची जनुकीय तपासणी होते, तेव्हा तपासल्या जाणाऱ्या बऱ्याच जनुकांचा माग त्याच जीवांच्या भाऊबंदांमुळे लागलेला असतो.