परिषदेपासून विद्यालयापर्यंत : पंडित भातखंडे आणि लखनौ

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. विद्यार्थिदशेतच त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतारीचे धडे घेतले. १८८४ मध्ये गायन उत्तेजक मंडळीशी संबंध आल्यावर थोर गायकवादकांचा सहवास त्यांना लाभला. १८८७ मध्ये कायद्याची पदवी मिळवून त्यांनी वकिली आरंभिली. परंतु मन रमले ते संगीतातच. १९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये कन्येचे निधन झाले. संसार असा रिता झाल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य संगीताच्या अभ्यासाला वाहिले.

त्या काळी रागविद्या घराण्याघराण्यांत जपली जाई आणि मुखोद्गत परंपरेने पुढे जाई. ती बाहेर न देण्यामागे कलावंतांची उपजीविकेची चिंताही होती. एकच राग दोन ठिकाणी दोन रूपांत आढळे आणि निर्णयास लिखित आधार नसे. म्हणून पंडितजींनी १९०४ पासून दक्षिणेत, पूर्वेस व उत्तरेस दीर्घ प्रवास केले, ग्रंथ धुंडाळले आणि कलावंतांकडून चिजा मिळविल्या. या श्रमांतूनच संस्कृतातील ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’, मराठीतील ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे चार भाग आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ हे ग्रंथ सिद्ध झाले. रागांची दहा थाटांत मांडणी आणि सोपी स्वरलिपी ही त्यांची मोठी देणगी होय. या थाटपद्धतीवर आक्षेप घेतले गेले, आजही घेतले जातात. पण वाद घालण्यासाठी सर्वांना समान भाषा मिळाली, ती त्यांच्यामुळेच.

ग्रंथांनी सारे साधणार नाही, हे जाणून त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषदांचा मार्ग धरला. १९१६ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली परिषद भरली. पुढे १९१८ मध्ये दिल्लीस आणि १९१९ मध्ये वाराणसीस. तेथे निरनिराळ्या घराण्यांचे कलावंत व विद्वान एकत्र येत, गायनवादन होई, रागरूपांची चर्चा चाले. दरबारातील संगीत असे सर्वांसमोर आले. परंतु परिषद आटोपली की मंडळी आपापल्या गावी परतत आणि मतभेद जिथल्या तिथे राहत. दिल्लीस राष्ट्रीय संगीत अकादमी स्थापण्याची योजनाही सिद्धीस गेली नाही.

ही उणीव लखनौने भरून काढली. नवाब वाजिद अली शाह यांच्या काळापासून ठुमरी व कथक यांसाठी नावाजलेल्या या नगरीत १९२४ च्या अखेरीस चौथी परिषद भरली आणि सुमारे वर्षभराने पाचवीही. राय उमानाथ बली, प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि पंडितजींचे स्नेही राजा नवाब अली यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये येथे संगीत महाविद्यालय उघडले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठी, हिंदी, उर्दू बोलणाऱ्यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या संस्थेत घराण्याबाहेरील मुलामुलींनाही ठरावीक अभ्यासक्रमाने रागविद्या मिळू लागली. वर्गात कलावंत घडेल काय, ही अनेकांची शंका होती. १९२८ पासून प्राचार्यपद सांभाळणारे पंडितजींचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तिला कृतीने उत्तर दिले. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, सुमती मुटाटकर ही नावे त्याची साक्ष देतात.

१९३३ मध्ये पक्षाघाताने पंडितजींना अंथरुणास खिळविले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, मुंबईत त्यांनी देह ठेवला. १९६६ मध्ये मॅरिस कॉलेजला त्यांचे नाव देण्यात आले. आज कैसरबागेतील ती संस्था विद्यापीठ झाली आहे. परिषदांचे मांडव केव्हाच उतरले. विद्यालयात मात्र दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि पहिल्या दिवशी षड्ज लावतात. निपुत्रिक अवस्थेत गेलेल्या या पुरुषाचा वंश तेथे अखंड चालू आहे.