डिग्री नसलेला इंजिनिअर आणि घसरणारं चाक

ऑफ-रोडिंगच्या ग्रुपवर एक वाद कायम रंगतो: गाडीला लॉकर हवा की लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल? हाच पेच नव्वद वर्षांपूर्वी एका माणसासमोर होता. त्याचं नाव फर्डिनांड पोर्शे.

जन्म ३ सप्टेंबर १८७५, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका गावात. वडिलांचं पत्राकामाचं दुकान. मुलाने तेच पुढे चालवावं, अशी त्यांची इच्छा. फर्डिनांडला मात्र विजेचं वेड. दिवसा दुकानात काम आणि संध्याकाळी टेक्निकल स्कूल, असं त्याचं शिक्षण झालं. अठराव्या वर्षी व्हिएन्नात नोकरी लागली, तेव्हा तो तिथल्या विद्यापीठात गुपचूप लेक्चरला जाऊन बसायचा. इंजिनिअरिंगची रीतसर डिग्री त्याने कधीच घेतली नाही.

१९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची इलेक्ट्रिक गाडी झळकली. मोटर थेट चाकाच्या आत असल्याने डिफरन्शियलची गरजच नव्हती!

पेट्रोलच्या गाड्यांत ही सोय नव्हती. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. पण तो दोघांना बळ सारखंच देतो. एक चाक चिखलात गेलं की ते फिरवायला बळ लागतच नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढंच नगण्य बळ मिळतं. एक गरगरतं, दुसरं ढिम्म.

ऑस्ट्रो-डाइम्लर, मग डाइम्लर अशा नोकऱ्या करून पोर्शेने १९३१ मध्ये स्टुटगार्टला स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं. तिथेच ऑटो युनियनची १६ सिलिंडरची रेसिंग कार जन्मली. ताकद एवढी की भर वेगातही मागचं चाक घसरायचं. दोन्ही चाकं कायमची जखडली तर घसरणं थांबेल, पण गाडी वळायला नाखूश होईल. पोर्शेने झेडएफ कंपनीला मधला मार्ग शोधायला सांगितला: घसरण मर्यादेबाहेर गेली की आतलं घर्षण आपोआप बळ दुसऱ्या चाकाकडे वळवेल. हाच लिमिटेड-स्लिप.

पुढे १९४० मध्ये जर्मन लष्करासाठी क्युबेलवागेन आली. फोर-व्हील ड्राइव्ह नाही, फक्त मागच्या चाकांना जोर. वजन सुमारे ७२५ किलो, जमिनीपासून चांगली उंची आणि झेडएफचा तसाच डिफरन्शियल. चालकाला कुठलाही दांडा ओढायचा नव्हता. एवढ्यावर ती वाळूत आणि चिखलात चालली.

पण हीच पोर्शेच्या आयुष्यातली काळी बाजू. फोक्सवॅगन हा हिटलरचा लाडका प्रकल्प होता, पोर्शे नाझी पक्षाचा सदस्य होता आणि युद्धकाळात त्या कारखान्यात हजारो लोकांना जबरदस्तीने राबवलं गेलं. त्यात युद्धकैदी होते, छळछावणीतले कैदीही. मशीनमधला प्रत्येक दोष हेरणाऱ्या या माणसाने ती मशीन कोणासाठी चालते, हे पाहायचं टाळलं. युद्धानंतर फ्रान्सने त्याला अटक केली; जवळपास २० महिने तो तुरुंगात होता. ३० जानेवारी १९५१ ला स्टुटगार्टमध्ये त्याचं निधन झालं.

आता आपला वाद. पावसाळी घाट, कच्चा रस्ता आणि रोजचं कॉलेज, असा वापर असेल तर लिमिटेड-स्लिप बरा. तो न सांगता काम करतो. पण दगडांवर चढताना एक चाक पूर्ण हवेत गेलं तर बऱ्याच लिमिटेड-स्लिपचा जोर तुटपुंजा पडतो. तिथे लॉकरच हवा. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात तो पुढे आणि मागे, दोन्हीकडे मिळतो. फक्त डांबरी रस्त्यावर आल्यावर लॉक काढायला विसरू नका, नाहीतर वळताना टायर आणि ॲक्सल दोन्ही बोंबलतील.

गाडी घेण्याआधी आपण ती नक्की कुठे चालवणार, हे मात्र प्रामाणिकपणे ठरवा. पोर्शेने रेसिंग कार आणि क्युबेलवागेन, दोन्हींबाबत सुरुवात तिथूनच केली होती.