साठ गुंठ्यांची प्रदक्षिणा

चार्ल्स डार्विन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक शाळेच्या पुस्तकातले: छातीवर रुळणारी पांढरी दाढी, भव्य कपाळ आणि खोल गेलेले डोळे. दुसरे, बीगल जहाजावरून जगाची सफर करणाऱ्या, गालापागोस बेटांवर कासवे आणि पक्षी न्याहाळणाऱ्या तरुणाचे. या दोन चित्रांच्या मध्ये डार्विनच्या आयुष्यातली चाळीस वर्षे आहेत, आणि ती आपल्या फारशी परिचयाची नाहीत. ही चाळीस वर्षे त्याने लंडनजवळच्या एका खेड्यात काढली. त्यांतल्या पुष्कळशा दुपारी दीड एकराच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने साठ गुंठ्यांच्या, एका छोट्या झाडीभोवती फेऱ्या घालण्यात गेल्या. जगाचा विचार बदलून टाकणारे ग्रंथ या फेऱ्यांमधून आकाराला आले. एका बापाचे मोठे दुःखही याच वाटेवर जिरले.

डार्विन १८३१ च्या डिसेंबरात बीगलवर चढला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. पाच वर्षांनी, १८३६ च्या ऑक्टोबरात, तो मायदेशी परतला आणि त्यानंतर त्याने ब्रिटनचा किनारा पुन्हा कधीही सोडला नाही. १८३९ च्या जानेवारीत त्याने एमा वेजवुडशी लग्न केले. एमा त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाची मुलगी करणे आपल्याकडे अनेक घरांत रीतीचेच. पण डार्विनच्या मनाला हे नाते पुढे फार टोचत राहिले. त्याचे कारण ओघात येईलच.

लंडनचा धूर आणि गजबज दोघांनाही मानवेना. डार्विनची प्रकृतीही बिघडू लागली होती. ओकाऱ्या, पोटाचे विकार, थकवा यांनी त्याची पाठ जन्मभर सोडली नाही. अखेर १८४२ च्या सप्टेंबरात हे कुटुंब लंडनपासून सुमारे सोळा मैलांवर, केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला आले. घराचे नाव डाउन हाउस. नव्या घरात पाऊल ठेवल्यावर काही दिवसांतच एमाला तिसरे अपत्य झाले, मेरी नावाची मुलगी. ती तीन आठवडेच जगली.

चार वर्षांनी, १८४६ मध्ये, डार्विनने शेजारचे जमीनदार सर जॉन लबक यांच्याकडून घरामागच्या शेतापलीकडची एक चिंचोळी पट्टी भाडेपट्ट्याने घेतली. तिथे त्याने हेझल, बर्च, हॉर्नबीम, आल्डर अशी झाडे लावून घेतली आणि वाऱ्याच्या बाजूला होलीच्या काटेरी झाडांची रांग उभी केली. या झाडीला वळसा घालणारी वाट आखली आणि तीवर वाळूमिश्रित खडी पसरली. म्हणून तिचे नाव पडले सँडवॉक. ही पट्टी पुढे १८७४ मध्ये त्याच्या मालकीची झाली. पण मनाने ती केव्हाच त्याची झाली होती.

वाटेच्या एका अंगाला जुन्या ओक वृक्षांची दाट सावली होती. दुसऱ्या अंगाला बुटके कुंपण आणि त्यापलीकडे कुरण, शांत दरी, दूरवर झाडांनी झाकलेल्या टेकड्या. म्हणजे एकाच फेरीत सावलीही मिळे आणि उघडे आकाशही. झाडीच्या टोकाला एक छोटी पडवीवजा झोपडी होती. वसंतात झाडांखाली ब्लूबेल, प्रिमरोझ अशी रानफुले उमलत. जंगल म्हणावे असे त्यात काही नव्हते. पण डार्विनला तेवढे पुरे होते.

त्याचा दिनक्रम घड्याळाच्या काट्यावर चाले. सकाळी काम, पत्रे, पुन्हा काम. दुपारी बाराच्या सुमारास अंगावर आखूड झगा, डोक्यावर मऊ हॅट आणि हातात लोखंडी टोकाची जड काठी घेऊन तो बाहेर पडे. पाऊस असो वा ऊन, परसातल्या भाजीच्या वाफ्यांवरून सँडवॉककडे. बरोबर बहुधा कुत्रा असे. आज किती फेऱ्या घालायच्या हे आधी ठरलेले. मोजदाद चुकू नये म्हणून वाटेच्या कडेला गारगोट्यांचा छोटा ढीग असे. प्रत्येक फेरीला त्यांतला एक दगड काठीने किंवा पायाने बाजूला सारायचा. बोटांनी मोजत बसले तर विचारांची साखळी तुटते, म्हणून हा हिशेब दगडांवर सोपवलेला! चारच्या सुमारास पुन्हा एक चक्कर होई.

तो कधी कधी इतका निःशब्द आणि हळू चाले की रानातल्या जिवांनाही त्याची चाहूल लागत नसे. एकदा तर खारीची पिल्ले झाड समजून त्याच्या पायांवरून थेट पाठीवर चढली आणि त्यांची आई वर फांदीवर जिवाच्या आकांताने ओरडत राहिली. पहाटेच्या अंधारात फिरायला निघाला की रात्रीची शिकार आटोपून परतणारे कोल्हे त्याला भेटत.

या वाटेवर तो एकटाच नसे. ती मुलांची खेळण्याची जागा होती. वडिलांच्या फेऱ्या चालू असत आणि भोवती मुलांची लुटुपुटूची लढाई रंगे. वडिलांना त्याचा त्रास होत नसे. उलट ते मुलांना कामाला लावत. १८५४ मध्ये डार्विनच्या ध्यानात आले की बम्बलबी जातीचे नर, म्हणजे ते केसाळ, गुबगुबीत, गुणगुणणारे कीटक, वाटेल तसे उडत नाहीत. ते ठरावीक झाडाशी, ठरावीक फटीशी क्षणभर घोटाळतात आणि पुढे जातात. त्यांची वाट शोधायची कशी? त्याने पाच-सहा मुलांना एकेका ठिकाणी उभे केले. कीटक आला की तिथल्या मुलाने ओरडायचे. पुढच्याने सावध व्हायचे. बघता बघता त्या कीटकांचा अदृश्य रस्ता उलगडत गेला. ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांना या प्रयोगशाळेचा हेवा वाटावा.

घराभोवतीची सगळी जमीनच अशी त्याची प्रयोगशाळा झाली होती. सँडवॉकला लागून असलेल्या कुरणात त्याने १८५५ मध्ये मुलांच्या शिक्षिकेच्या मदतीने वनस्पतींची गणती केली. एका कुरणात १४२ जाती निघाल्या. पुढे तीन फूट बाय दोन फुटांचा जमिनीचा तुकडा खणून साफ केला आणि उगवणाऱ्या प्रत्येक रोपट्यावर खूण केली. एकूण ३५७ रोपे उगवली. त्यांतली २९५ मेली. बहुतेक गोगलगायी आणि किड्यांनी फस्त केली. आपल्याला जे शांत, हिरवे, प्रसन्न शिवार दिसते, त्याच्या प्रत्येक वितीवर जगण्यामरण्याची झुंज चालू आहे, हे त्याने आकड्यांनिशी पाहिले.

पण त्याने झुंजच पाहिली असे नाही; नातीही पाहिली. तांबड्या क्लोव्हरच्या फुलांचे परागण बम्बलबी करतात. त्यांची पोळी शेतातले उंदीर उद्ध्वस्त करतात. उंदरांना मांजरे खातात. तेव्हा गावात मांजरे किती, यावर शिवारात फुले किती हे ठरू शकते! ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात त्याने ही साखळी मांडली. आज पर्यावरणाच्या धड्यात मुले जे शिकतात, त्याची मुळे अशा खेड्यातल्या निरीक्षणांत आहेत.

जीवजाती बदलत जातात, हा विचार त्याच्या मनात बीगलहून परतल्यापासून घोळत होता. १८४२ मध्ये त्याने त्याचा कच्चा आराखडा पेन्सिलीने लिहिला. १८४४ मध्ये तो वाढवून सुमारे २३० पानांचा केला. आपण अचानक गेलो तर हे लेखन छापून घ्यावे आणि त्यासाठी ४०० पौंड खर्चावेत, असे पत्र त्याने एमाच्या नावे लिहून ठेवले. एमा मनापासून श्रद्धाळू होती. नवऱ्याचे विचार त्याला देवापासून आणि पर्यायाने परलोकात आपल्यापासून दूर नेतील, ही भीती तिला लग्नाच्या आधीपासून होती. तरीही हे पत्र त्याने विश्वासाने तिच्याच हाती दिले. या संसाराचे मोठेपण इथे दिसते.

आणि मग १८५१ साल आले. थोरली मुलगी ॲनी दहा वर्षांची होती. लाघवी, नीटनेटकी, वडिलांचे केस विंचरत बसणारी. सँडवॉकवर वडील झपाझप चालू लागले की ती त्यांच्याही पुढे धावे आणि गिरक्या घेत, नाचत वाट काढी. ती वर्षभर आजारी होती. त्या मार्चमध्ये डार्विन तिला जलोपचारांसाठी मॉल्व्हर्नला घेऊन गेला. एमाचे दिवस भरत आले होते. तिला प्रवास शक्य नव्हता. एप्रिलमध्ये ॲनीचा ताप वाढला. बाप उशाशी बसून रोज घरी पत्रे लिही. एका पत्रात आशा, दुसऱ्यात निराशा. २३ एप्रिलला ॲनी गेली. डार्विन अंत्यविधीलाही थांबला नाही. घरी एकटी असलेल्या एमाकडे परतला. ॲनीला मॉल्व्हर्नच्या चर्चच्या आवारात माती दिली गेली. तीन आठवड्यांनी एमाला मुलगा झाला.

आठवड्याभराने डार्विनने लेकीच्या आठवणी लिहून काढल्या, तिचे सँडवॉकवरचे गिरक्या घेणेही त्यांत आले. एमाने ॲनीची लेखनाची छोटी पेटी, तिच्या पिसांच्या लेखण्या आणि केसांची बट जपून ठेवली. पुढे दोघे तिच्याविषयी फारसे बोलत नसत. पण दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही दुपारचे बारा वाजतच होते. वाट तीच होती, गारगोट्या त्याच होत्या. पुढे नाचत जाणारे कोणी नव्हते. रोपट्यांमधली जगण्याची झुंज मांडणाऱ्या या माणसाला ती आपल्याच घरात भोगावी लागली. दहा अपत्यांपैकी तीन त्याने लहानपणीच गमावली. आपण मामेबहिणीशी लग्न केले म्हणून तर मुले नाजूक निपजली नाहीत ना, ही शंका त्याला छळत राहिली. वनस्पतींमधल्या स्वपरागणावर त्याने पुढे वर्षानुवर्षे प्रयोग केले. १८७१ च्या जनगणनेत सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या विवाहांची नोंद घ्यावी, यासाठी त्याने खटपटही केली; पण ती मान्य झाली नाही.

दैवाची गाठ पुन्हा एकदा पडली ती १८५८ मध्ये. १८ जूनला आल्फ्रेड रसेल वॉलेसचे टपाल आले. वीस वर्षे उराशी बाळगलेला विचार दुसऱ्या एकाने स्वतंत्रपणे नेमका मांडला होता. डार्विन हबकला. त्याच दिवसांत घरात आजारपणे चालू होती, आणि २८ जूनला दीड वर्षाचा धाकटा चार्ल्स लोहितांग ज्वराने दगावला. लायेल आणि हूकर या मित्रांनी पुढाकार घेतला आणि दोघांचेही लेखन १ जुलैला लिनिअन सोसायटीत वाचले गेले. त्या सभेला डार्विन नव्हता. त्याचे घर शोकात होते. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, ‘ओरिजिन’ची १२५० प्रतींची पहिली आवृत्ती निघाली. जगात खळबळ उडाली, वाद झाले, व्यंगचित्रे निघाली. डार्विन वादाच्या सभांना गेला नाही. तो डाउनमध्ये राहिला आणि फेऱ्या घालत राहिला.

त्याची चिकाटी पाहायची तर गांडुळांचे उदाहरण घ्यावे. १८४२ च्या डिसेंबरात त्याने एका शेतावर खडूचे तुकडे पसरून ठेवले. नंतर २९ वर्षे थांबला! १८७१ मध्ये चर खणला, तेव्हा ते तुकडे सात इंच खाली गेलेले आढळले. गांडुळांनी कणाकणाने माती वर आणून ते गाडले होते. हे सगळे १८८१ मध्ये त्याच्या शेवटच्या पुस्तकात आले. थोडे थोडे, रोज, फार काळ. गांडुळांची ही रीत त्याची स्वतःचीही होती.

१८८२ च्या मार्चमध्ये एकटाच फिरत असताना त्याच्या छातीत कळ आली. कसाबसा तो घरी पोचला. सँडवॉकपर्यंत त्यानंतर त्याला कधी जाता आले नाही. १९ एप्रिलला, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, एमाच्या सोबतीत त्याचे निधन झाले. डाउनच्या चर्चजवळ, आपल्या तान्ह्या मुलांशेजारी विसावावे, ही त्याची अपेक्षा. पण राष्ट्राने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये नेले. एमा पुढे चौदा वर्षे जगली. उन्हाळा आला की ती डाउनला परते. १८९६ मध्ये ती गेली आणि गावच्या चर्चच्या आवारात विसावली.

मधल्या काळात डाउन हाउसमध्ये मुलींची शाळा भरली. १९२९ मध्ये ते संग्रहालय म्हणून खुले झाले. आज ‘इंग्लिश हेरिटेज’ ही संस्था ते सांभाळते. लंडनला गेलेल्या आपल्या माणसांनी राजवाड्याबरोबर अर्धा दिवस या खेड्यासाठीही काढावा. तिथे पुतळे नाहीत, दिव्यांची रोषणाई नाही. भाजीचे वाफे ओलांडले की झाडी लागते. दहा मिनिटांत एक फेरी होते. बाप वेस्टमिन्स्टरमध्ये, आई डाउनच्या चर्चपाशी, लेक दूर मॉल्व्हर्नला. तिघांची थडगी तीन ठिकाणी आहेत. तिघे एकत्र चालले ती वाट मात्र अजून तिथे आहे, आणि तिच्यावर कोणालाही चालता येते.