‘विभावरी’मागच्या मालतीबाई

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि मराठी साहित्यविश्वात खळबळ उडाली. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. हे नाव पूर्वी कोणी ऐकले नव्हते. ते टोपणनाव असल्याचे लक्षात येताच वादाला आणखी धार आली. लेखन स्त्रीचे की पुरुषाचे, यावरही तर्कवितर्क झाले. निषेधाचे सूर उमटत असताना खरी लेखिका मात्र मुलींच्या शाळेत शिकवत होती. तिचे नाव बाळूताई खरे.

बाळूताईंचा जन्म १९०५ चा. वडील अनंतराव पुरोगामी विचारांचे, शिक्षणाचे महत्त्व जाणणारे. त्यांनी मुलीला महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत ठेवले. तेथेच शिक्षण पूर्ण करून बाळूताई कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. शिकलेल्या, मिळवत्या मुलींची पहिली पिढी त्यांच्या अवतीभवती होती. शिक्षणाने या मुलींना पगार मिळवून दिला, पण स्वतःचे आयुष्य आखण्याचा अधिकार दिला नाही. हीच कोंडी कथांमध्ये उतरली. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेच्या शीर्षकातच मिळवत्या मुलीची व्यथा सामावली आहे. या नायिका लग्नाची वाट पाहत मुकाट बसणाऱ्या नव्हत्या. त्या हुंड्याविषयी, प्रौढ कुमारिकेच्या एकाकीपणाविषयी आणि शरीराच्या ओढीविषयीही बोलत होत्या.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीने वाद अधिक पेटवला. तिची नायिका अचला ही पतीपासून दुरावलेली विवाहिता. विवाहबंधनाबाहेर तिला प्रेम हवे आहे, हक्काचे घर हवे आहे आणि मातृत्वही. त्या काळी हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मागण्याची सोय नव्हती. मुंबई प्रांतात असा कायदा १९४७ मध्ये झाला, तर देशभर लागू होणारा हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला. १९३४ मधील अचलेपुढे दोनच वाटा होत्या: नावापुरते लग्न निभावणे किंवा लोकापवाद पत्करणे. तिने दुसरी वाट धरली.

नायिका उघडपणे समाजाला सामोरी जात होती, लेखिकेला मात्र पडद्याआड राहावे लागले. मुलींच्या शाळेत नोकरी करणाऱ्या अविवाहित शिक्षिकेला असे लेखन स्वतःच्या नावावर परवडणारे नव्हते. नाव उघड झाले असते, तर चर्चा कथांची न होता तिच्या चारित्र्याची झाली असती. टोपणनावाने तिला संरक्षण दिले आणि तिच्या प्रश्नांना वाचकांपर्यंत पोहोचवले.

१९३७ च्या सुमारास शाळा सोडून त्यांनी सोलापूर येथील तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत अधिकारपद स्वीकारले. १९३८ मध्ये विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाला आणि बाळूताई मालती बेडेकर झाल्या. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांचे तारेच्या कुंपणातील जिणे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यातून १९५० मध्ये ‘बळी’ ही कादंबरी साकारली. मध्यमवर्गीय घराच्या भिंतींपासून वसाहतीच्या कुंपणापर्यंत त्यांची दृष्टी विस्तारली होती. ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ या अभ्यासग्रंथात तर त्यांनी कल्पिताचा आधारही बाजूला ठेवला आणि निराधार स्त्रियांच्या प्रत्यक्ष जीवनाचा शोध घेतला.

१९८१ मध्ये मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी मालतीबाई होत्या. जे नाव एकेकाळी लपवावे लागले, त्याच नावाची स्त्री आता प्रस्थापित व्यवस्थेशी मतभेद नोंदवणाऱ्या लेखकांच्या अग्रभागी उभी होती. मे २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

घटस्फोटाचा कायदा आला, मुली स्वतःच्या नावाने लिहू लागल्या. परंतु मिळवत्या मुलीच्या पगारावर हक्क कोणाचा आणि तिच्या आयुष्याचे निर्णय कोणी घ्यायचे, हे विभावरीने १९३३ मध्ये विचारलेले प्रश्न अनेक घरांत आजही उत्तराच्या प्रतीक्षेत आहेत.